अंगठ्याची जागा

रेजा हा शब्द कानावर पडला की मला आजही शिसारी येते. नागपुरात बांधकामावर डोक्यावरून घमेलं वाहणाऱ्या बाईला रेजा म्हणतात. तेच घमेलं पुरुषानं उचललं की तो कुली. घमेलं तेच, त्यातला माल तोच, चढायचा जिना तोच. पण कुलीच्या हातावर जे पडे त्यापेक्षा रेजाच्या हातावर कमी पडे. का, असं विचारणारा माणूस मला लहानपणी भेटला नाही. पुढे नोकरीत असताना एकदा सहज शब्दकोश चाळत होते, तर रेजा म्हणजे तुकडा, बारीक कण, असा अर्थ सापडला. मी कोश मिटला आणि नळावर जाऊन हात धुऊन आले.

माझी माय रेजा होती. तिच्याबद्दल लिहायचं तर आधी मस्टरबद्दल, म्हणजे हजेरीच्या वहीबद्दल, लिहावं लागेल, कारण तिचं निम्मं आयुष्य मस्टरच्या एका पानावर वर सरकायच्या खटपटीत गेलं.

ते पान ठेकेदाराचा मुनशी आखायचा. सगळ्यांत वर मिस्त्री, म्हणजे गवंडी. त्यांच्या खाली कुली. कुली संपले की मुनशी लाल शाईची एक रेघ मारायचा आणि रेघेखाली रेजा लिहायचा. लाल रेघ कशाला, तर बायका वेगळ्या दिसाव्यात. आठवडी बाजाराच्या दिवशी चुकारा व्हायचा. जांभळ्या शाईच्या गादीवर अंगठा दाबायचा, आपल्या नावापुढं टेकवायचा, पैसे घ्यायचे आणि अंगठा डोक्याला पुसायचा. मायच्या भांगाजवळचा केसांचा पुंजका कायम जांभळा असे. तेल लावलं की ती शाई कानामागून ओघळायची. मला त्याची इतकी किळस यायची की तिच्या मांडीवर डोकं ठेवताना मी तो कान टाळून बसायचे.

माय-बाप छत्तीसगढातून आले. धान कापून झालं, कोठीत काही उरलं नाही, तेव्हा एक गाठोडं आणि एक ॲल्युमिनियमचं भांडं घेऊन गाडीत बसले. तेव्हा त्यांच्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. नागपूरला उतरले, कारण गावातले आधीचे लोक नागपूरला उतरले होते. साइटवर भंडाऱ्याकडच्या बायका आधीपासून काम करत. नवं जोडपं मिळेल त्या पैशात राबायला तयार आहे म्हटल्यावर त्यांनी मायला शिव्यांनी अंघोळ घातली. ‘हे आले अन् आमचा भाव पडला,’ असं त्या म्हणायच्या. माय ही गोष्ट हसत सांगायची. तिला मराठी शिकवली ती या शिव्यांनीच.

बाप आधी कुली होता, मग एका गवंड्याच्या हाताखाली मिस्त्री झाला. बापाच्या मागं उभी राहून माल देता देता मायही शिकली. बापाला खोकला होता. सिमेंटनं, बिडीनं की आणखी कशानं, ते कुणी पाहिलं नाही. पाहायला गेलं की रोजी बुडे. मी पाच-सहा वर्षांची असेन तेव्हापासून मला आठवतं ते असं : बाप परांचीखाली सावलीत बसलाय, आणि वर परांचीवर माय थापी चालवतेय. मुनशी येताना दिसला की बाप दोनदा खोकायचा. खोकला त्याला फुकटच मिळाला होता, त्याचा असा उपयोग. खोकला ऐकला की माय थापी खाली ठेवून घमेलं उचलायची आणि बाप भिंतीशी उभा राहायचा. मुनशी आंधळा नव्हता. भिंत वेळेत होत होती आणि मस्टरवर गवंड्याच्या नावापुढं अंगठा पुरुषाचाच होता. त्याचं भागत होतं.

मी शाळेत गेले तेही एका चुकीमुळे. कार्पोरेशनच्या एकाच आवारात दोन शाळा होत्या, एक हिंदी आणि एक मराठी. आमच्या नाल्याकाठच्या वस्तीतली सगळी पोरं हिंदीत जात. मायला पाटी वाचता येत नव्हती. ज्या इमारतीच्या ओट्यावर सावली होती तिथं तिनं मला नेऊन बसवलं. दोन महिन्यांनी गुरुजींच्या लक्षात आलं की या पोरीला आपण काय बोलतो तेच नीट कळत नाही. त्यांनी मायला बोलावून सांगितलं, ‘बाई, ही मराठी शाळा आहे.’ माय म्हणाली, ‘हाय तर हाय. बसली हाय तं बसू द्या.’

आणि मी बसले. पुढे सगळी सरकारी कामं मराठीत व्हायला लागली आणि माझं मराठी मॅट्रिक सोन्याच्या भावानं गेलं. हिंदी शाळेत गेलेल्या माझ्या मैत्रिणी, ज्यांच्यातल्या दोघी तरी माझ्याहून हुशार होत्या, सातवीच्या आसपास घमेली उचलायला लागल्या. मी जिद्दीनं शिकले असं मी आता सांगते. लोकांना ते ऐकायला आवडतं. खरं एवढंच, की त्या दिवशी मायला ऊन लागत होतं.

मी नववीत असताना बाप गेला. तेराव्याला ठेकेदारानं तांदळाचं पोतं पाठवलं आणि चौदाव्या दिवशी माय कामावर उभी राहिली. आता खोकणारं कुणी नव्हतं. आदल्या महिन्यापर्यंत जी भिंत ती मिस्त्रीच्या पैशात लिंपत होती, तिच्यासमोर ती नुसती घमेलं घेऊन उभी. बाप गेला त्याबरोबर तिच्या हातातलं कसबही सरणावर चढवल्यासारखं झालं.

एक दिवस जेवणाच्या सुटीत, सगळे सावलीला गेल्यावर, तिनं न्हाणीघराची एक भिंत एकटीनं लिंपली. रामदासपेठेत कुण्या डॉक्टरचा दवाखाना बांधणं चालू होतं, तिथली गोष्ट. मी त्या दिवशी शाळेतून सरळ साइटवर गेले होते, म्हणून ते माझ्या डोळ्यांदेखत घडलं. ठेकेदार जीपमधून आला. पांढरा शर्ट, बोटात तीन अंगठ्या. ओल्या गिलाव्याला न शिवता तो डोळा तिरका करून भिंतीकडं बघत राहिला.

‘बढिया है. किसने किया?’

‘मीनं,’ माय म्हणाली. ‘मले मिस्त्रीत लिवा.’

ठेकेदार हसला. ‘फिर ये मिस्त्री लोग क्या चूड़ियाँ पहन लें?’ मिस्त्री लोकही हसले. त्यांच्यातला एक, जो बापाबरोबर रोज बिडी ओढायचा, म्हणाला, ‘बाईनं ओळंब्याले हात लावला का भिंत फुगते, मालक.’ असं त्या गवंड्यांत मानत असत. भिंत काही फुगली नाही, आणि ती कुणी फोडलीही नाही. फुकटात झालेली भिंत कोण फोडतो? मुनशीनं पानाची पिंक टाकली, ती त्याच भिंतीच्या बुडाशी. मला तिथंच ओकारी आली. मी नाल्याकडं पळाले आणि डबा होता तो सगळा बाहेर काढला.

मायनं थापी धुतली, लुगड्याला पुसली आणि घरी आणून भांड्यांच्या फळीवर ठेवून दिली. मला म्हणाली, ‘तू शिक. मंग तूच लिवशील मले वरत.’

माझ्या शिक्षणाचा हेतू हा असा होता. पोरगी साहेब होईल, दिवे लावील, असलं काही तिच्या मनात नव्हतं. लेखणी ज्याच्या हातात तो आपल्याला रेघेच्या खाली ठेवतो. तर लेखणी आपल्या पोरीच्या हातात आली म्हणजे झालं. साधा हिशेब. त्यासाठी तिनं मला एक दिवसही घमेलं उचलू दिलं नाही.

मॅट्रिक मी दुसऱ्या खेपेला पास झाले. निकाल लागला त्या आठवड्यातच ठेकेदारानं मायला निरोप दिला की पोरीला सदर भागातल्या ऑफिसात पाठव. मुनशीची नजर कमी झाली होती, हजेरी लिहायला कुणीतरी हवं होतं. मला तेव्हा वाटलं, माझी लायकी बघून बोलावलं. पुढं कळलं की सातवी नापास मुनशीला जेवढा पगार होता, त्याच्या निम्म्यात मॅट्रिक पास पोरगी मिळत होती. ‘लड़की ज़ात है, इसको कौन-सा घर चलाना है,’ असं ठेकेदार माझ्यासमोरच मुनशीला म्हणाला. घर मीच चालवणार होते. मायचं गुडघ्याचं दुखणं तेव्हा सुरू झालं होतं.

ठेकेदाराचा आजाही म्हणे बाहेरूनच नागपुरात आला. पण तो पेटी घेऊन आणि ओळखीची चिठ्ठी घेऊन आला होता. त्याचा मुलगा दुकानदार झाला, नातू ठेकेदार, आणि पणतू तेव्हा इंजिनियरिंगला होता. आमचं कुटुंब गाठोडं घेऊन आलं. एकाच स्टेशनावर दोघं उतरतात, एवढंच काय ते सारखं. चौथ्या पिढीत त्यांचा पोरगा इंजिनियर होतो, आणि दुसऱ्या पिढीतली मी मॅट्रिक झाल्याबद्दल आमच्या वस्तीत साखर वाटली गेली.

पहिल्या चुकाऱ्याला मी मस्टर घेऊन साइटवर बसले, तेव्हा माय रांगेत सगळ्यांत शेवटी उभी राहिली. मुद्दाम. तिची पाळी आली. तिनं माझ्याकडं पाहिलं, मी खाली पाहिलं. पान मुनशीनंच आखून दिलं होतं.

‘थांब थोडी, माय,’ मी हळूच म्हणाले. ‘आत्ता तर लागली मी.’

‘थांबतो ना,’ ती म्हणाली. ‘मले कोणती घाई हाय?’ आणि लाल रेघेखाली अंगठा टेकवून निघून गेली.

असं ती दीड वर्ष थांबली.

दुसऱ्या वर्षी दिवाळी होऊन गेली आणि छत्तीसगढकडच्या गाड्या भरून यायला लागल्या. तिकडं पीक बुडालं होतं. दर वर्षी यायचे त्याच्या दुप्पट लोक आले. बाया-बापे, कडेवरची पोरं, गाठोडी. साइटच्या बाहेर विटांच्या चुली मांडून बसले. ठेकेदार बघून खूश. त्यानं विचारलं, किती घेणार? एक तरणी पोरगी होती, पदराआड पोर पीत होतं, तीच बोलली, ‘जतका देहू, ओतके म करबो.’ जितकं द्याल तितक्यात करू.

मायला तिचा असा राग आला! ‘पाय, कशी बोलून राहिली! लाज नाई वाटत. हे आले अन् आमचा भाव पाडला.’

‘माय, तुलेही असंच म्हनत होत्या ना?’ मी म्हणाले.

ती म्हणाली, ‘थे भूक घेऊन आली. भुकेले कायचा भाव?’ संध्याकाळी तिनं स्वतःच्या डब्यातली बासी, म्हणजे रात्रीचा पाण्यात भिजवलेला भात, त्या पोरीला नेऊन दिली. रागावणं चालूच होतं.

चार दिवसांनी ठेकेदारानं मला केबिनमध्ये बोलावलं. बसायला सांगितलं. त्याच्यासमोर मी पहिल्यांदाच बसत होते. चहा मागवला. चहा आला तेव्हाच मला कळायला हवं होतं. तो म्हणाला, नव्या बाया इतक्या कमी पैशात येत आहेत, तर जुन्या रेजांना जुना भाव का द्यायचा? सगळ्यांना नवा भाव. पण मुनशी सांगायला गेला तर बाया काम टाकतील. ‘तू समझा दे, बेटी. तू उनकी अपनी है, पढ़ी-लिखी है. बोल, सीमेंट का परमिट अटका है, दो महीने की बात है.’

सिमेंट अडकलेलं नव्हतं. गोदामाची पावती मीच लिहिली होती. मी तसं म्हटलंही, चाचरत. त्यानं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं आणि बशीत चहा ओतला. ‘और तेरी माँ का मैं देखता हूँ. मिस्त्री में डाल देंगे. तू ख़ुद अपने हाथ से लिखना.’

हे वाक्य ऐकून मी हुरळले. हे मी लपवत नाही. त्या माणसाची मला किळस होती, त्याच्या अंगठ्यांची, त्याच्या बशीतून सुर्र करून पिण्याची. पण त्यानं सांगितलेलं काम मी दुसऱ्या दिवशी सकाळी केलं. विटांच्या ढिगावर उभी राहून केलं. अर्धं नागपुरी मराठीत आणि अर्धं छत्तीसगढीत. परमिट अडकलंय, दोन महिने कळ सोसा, नाहीतर कामच बंद पडेल. बायांनी माझ्या तोंडाकडं पाहिलं. ही आपली पोरगी, हिला आपण शेंबूड पुसताना पाहिलंय, ही खोटं कशाला बोलेल? त्यांनी मान हलवली. भंडाऱ्याकडची एक म्हातारी तेवढी होती, मायला पूर्वी शिव्या घालणाऱ्यांतली उरलेली. ती चुंबळ डोक्यावर बसवता बसवता म्हणाली, ‘कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ.’ मला उद्देशून नाही, हवेत म्हणाली. सगळ्यांना ऐकू गेलं.

मी केबिनमध्ये गेले. म्हटलं, सांगितलं. आता मायचं? ठेकेदारानं मान वर केली. खरोखर विसरला होता तो. मग हसला, ‘अरे, बाईमाणूस मिस्त्री में? लेबर ऑफिसवाले हँसेंगे मुझ पर.’ आणि माझा पगार पंधरा रुपयांनी वाढवला.

मी ते पंधरा रुपये घेतले. नोकरी सोडली नाही, भांडले नाही, बायांना जाऊन खरं सांगितलं नाही. माझा पगार वाढला तो त्यांचा भाव कापूनच वाढला, हे समजायला मॅट्रिक पुरेसं होतं. या आठवणीत मला ठेकेदाराचा जेवढा तिटकारा येतो, त्याहून जास्त त्या दोन वेण्या घातलेल्या, साडीला पेन अडकवलेल्या पोरीचा येतो.

त्याहून वाईट मी घरी केलं. मायला सांगितलं, ‘ठेकेदारानं मानलं. तुझं नाव मिस्त्रीत घेतलं मी. पैसे पुढच्या महिन्यापासून वाढतील.’ मला वाटलं, महिनाभरात काहीतरी करीन. आणि तिला कुठं वाचता येतंय!

मायनं फळीवरची थापी काढली, राखेनं घासली आणि परत ठेवली.

चुकाऱ्याच्या दिवशी ती नवं लुगडं नेसून आली. या वेळी रांगेत मागं नव्हती, पुढं मिस्त्रींच्या पाठोपाठ उभी राहिली. मिस्त्री एकमेकांना कोपरानं ढोसत होते. ती माझ्यासमोर आली, अंगठा शाईत दाबला, आणि तिचा हात पानाच्या वरच्या अंगावर, मिस्त्रींच्या ओळींवर, तरंगत थांबला. मी तिचं मनगट धरलं आणि अंगठा खाली, लाल रेघेखाली, तिच्या नावाशी नेला. तिनं अंगठा टेकवला. नव्या भावाचे, कमी झालेले पैसे घेतले. अंगठा केसांना पुसला. ‘बरं केलं,’ एवढंच म्हणाली, मिस्त्रींना ऐकू जाईल असं, म्हणजे माझी अब्रू जाऊ नये.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुटीत मी तिच्याजवळ जाऊन बसले. ती बासी खात होती. कांदा फोडता फोडता म्हणाली, ‘मले लिवता-वाचता नाई येत, पर खाल-वर समजते.’

मी रडले. तिनं समजूत घातली नाही. कांद्याचा अर्धा तुकडा माझ्याकडं सरकवला आणि जेवत राहिली. त्या विषयावर ती माझ्याशी पुन्हा बोलली नाही.

पुढचं थोडक्यात. मला सरकारी कचेरीत कारकुनी मिळाली. मराठी टायपिंग आलं, परीक्षा दिल्या, वरच्या जागेवर गेले. लग्न झालं, नवरा शाळेत मास्तर, एक मुलगा. दर वर्षी पगारवाढ, वर महागाई भत्ता. मायची रोजी काही वर्षांत मिळून रुपया-दोन रुपये सरकायची. महागाई मात्र आम्हा दोघींना सारखीच होती. माझ्या महिन्याच्या पगारात आणि तिच्या महिन्याच्या रोजीत सुरुवातीला दुपटीचा फरक होता, मग चौपट झाला, मग मी मोजणं सोडलं. शिकल्यानं घर वर येतं म्हणतात. आमच्या घरातली मी वर आले. ज्या बाईनं शिकवलं ती होती तिथंच राहिली, आणि तिच्यामागं दर दिवाळीनंतर गाड्या भरून नव्या बाया येत राहिल्या, तिचा भाव आणखी दाबायला. ऑफिसात बायका डबा खाताना म्हणायच्या, ‘या रेजा-कुली लोकांना शिक्षणाचं महत्त्वच नसतं.’ मी लोणचं वाढून घ्यायचे. माझी माय काय करते हे मी त्यांना सांगितलेलं नव्हतं. ‘घरी असते,’ असं सांगितलं होतं.

गुडघे पार गेल्यावर ती खरोखरच माझ्या घरी येऊन राहिली. सोबत ॲल्युमिनियमचं भांडं आणि थापी.

ऐंशी साल उलटून गेल्यावर आम्ही शहराबाहेर एका लेआउटात प्लॉट घेतला. कर्ज काढून दोन खोल्यांचं घर बांधायला काढलं. ठेकेदार नको, मीच माणसं लावीन, असं मी नवऱ्याला ठणकावून सांगितलं. मला यातलं कळतं. दोन मिस्त्री, तीन कुली, चार रेजा. रेजा छत्तीसगढच्याच, आदल्याच महिन्यात आलेल्या. त्यांनी भाव सांगितला. मी म्हटलं, ‘इतले? सदरला तर याच्याहून कमी घेतात.’ त्या एकमेकींकडं बघायला लागल्या. मी आणखी ताणलं. शेवटी मला हवा होता तो भाव ठरला. मला मनातून आनंद झाला, भाजीत जुडी वाचवल्यासारखा. माय तिथंच पालथ्या घमेल्यावर बसली होती.

तिसऱ्या आठवड्यात एक मिस्त्री गावी निघून गेला. स्वयंपाकघराचा गिलावा अडला. मी ऑफिसातून सुटून साइटवर गेले तर माय भिंतीपुढं उभी. उभी म्हणजे गुडघा भिंतीला टेकवून, अर्धी लटकलेली. हातात तीच थापी. आदल्या महिन्यात आलेली एक रेजा तिला माल देत होती आणि तोंड उघडं ठेवून बघत होती. चार दिवसांत मायनं सगळं स्वयंपाकघर लिंपलं. मी खाली बसून तिरक्या डोळ्यानं पाहिलं. कुठं फुगवटा नाही, कुठं खड्डा नाही. मला इतकं भरून आलं की मी नवऱ्याला बोलावून दाखवलं, शेजारच्या प्लॉटवाल्यांना दाखवलं. माझी माय मिस्त्री आहे, असं मी आयुष्यात पहिल्यांदा मोठ्यानं म्हणाले.

चुकाऱ्याच्या दिवशी मी खुर्ची टाकून बसले. हजेरीसाठी मुलाची जुनी वही घेतली होती. शिस्त हवी म्हणून शाईची गादीही आणली होती. सगळ्यांचं झालं, रेजांची पाळी आली, तर रेजांच्या रांगेत सगळ्यांत पुढं माय उभी. हातावर वाळलेलं सिमेंट. मला वाटलं, गंमत करते आहे. मिस्त्री हसायला लागला. मीही हसले. मिस्त्रीचे चार दिवसांचे पैसे मोजले, कोऱ्या नोटा काढल्या आणि तिच्यासमोर धरल्या.

‘आंगठा नाई का लावाचा?’ ती म्हणाली.

मी वही तिच्यापुढं केली. तिनं अंगठा शाईत दाबला आणि पानाकडं पाहिलं. तेव्हा मीही पाहिलं. वर मिस्त्री, खाली कुली, आणि त्यांच्याखाली, मुलाच्या पेन्सिलीनं, पट्टी लावून मारलेली लाल रेघ. ती मीच मारली होती. कधी, ते मला आठवेना. पान आखायला बसले आणि हातानं आखलं.

‘माय, वर लाव,’ मी म्हणाले. ‘मिस्त्रीत. मी आत्ता लिहिते तुझं नाव.’

तिनं अंगठा लाल रेघेखाली टेकवला. केसांना पुसला. केस आता सगळे पांढरे होते, त्यामुळे शाई फार दिसली. मग माझ्या हातातल्या नोटा घेतल्या, एकेक करून मोजल्या, काही स्वतःकडं ठेवल्या आणि उरलेल्या माझ्या मांडीवर ठेवल्या.

‘रेजाले इतले नाई देत तू,’ ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. बाजारात भाव सांगतात तसं सांगितलं, आणि बाजूला झाली.

मागची पोरगी पुढं आली, तीच, जी तिला माल देत होती. तिनं अंगठा शाईत बुडवला, वहीकडं पाहिलं, मायकडं पाहिलं, आणि मला विचारलं, ‘बाई, कहाँ लगाऊँ?’